आज्जीची वाकळ आणि पेरूमधली टोपली

संपादक साहेब, नमस्कार.

परवा नातीला पेरू देशातल्या जुन्या थडग्यांचे फोटो दाखवत होतो. १९२७ साली तिथले पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेल्यो यांना पाराकासच्या वाळवंटात ४२९ गाठोडी सापडली, आत माणूस बसलेला आणि त्याच्याभोवती कापडावर कापड गुंडाळलेलं, वर लोकरीचं भरतकाम, दोन हजार वर्षं झाली तरी लाल रंग अजून लालच आहे. पाऊस जवळजवळ नाहीच तिथं, म्हणून टिकलं. पण मला खरं धरून ठेवलं ते पेरूतल्याच चानकाय या जुन्या संस्कृतीच्या थडग्यातल्या विणलेल्या टोपलीनं. आत सूत कातायच्या चात्या, सुताच्या गुंड्या, सुया, म्हणजे बाईचं रोजचं काम तिच्यासोबतच दिलेलं!

आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत, बघून या. पण आपल्या पावसात कापड मातीत कुठलं टिकतंय, ते वरच जपायला लागतंय. आमच्या आज्जीची वाकळ आहे घरात, नऊवारीचे तुकडे, एका कोपऱ्यात टाका उलटा पडलाय, तिला दिसत नव्हतं तेव्हाचा. अशा वाकळा, सुईदोऱ्याचे डबे भंगारात घालू नका, कुणी शिवलं ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, आणि गावात अशा वस्तूंसाठी एखादी खोली तरी व्हावी ही कळकळीची विनंती.

एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर