त्या गेटचे कुलूप काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चाळींच्या पुनर्विकासावरचा लेख वाचला. चाळकरी आणि टॉवरवाले आता एका आवारात शेजारी म्हणून राहू लागले, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. मी परळच्या अशाच एका आवारात गेली आठ वर्षे राहते, आणि ते वाक्य वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. लेखकाने आमच्याकडे एकदा जरी फेरी मारली असती, तरी त्यांना मधली भिंत दिसली असती. पुरुषभर उंचीपेक्षा जास्त आहे, वर काचा लावल्या आहेत. भिंतीच्या अलीकडे आमची, जुन्या चाळकऱ्यांची, बावीस मजल्यांची रिहॅब (पुनर्वसनाची) बिल्डिंग, ११२ कुटुंबे. पलीकडे सेलचा, म्हणजे बिल्डरने विकायला बांधलेला टॉवर. त्या भिंतीत एक लोखंडी गेट आहे. मंजूर नकाशात ते 'सामायिक ये-जा' म्हणून दाखवलेले आहे, नकाशाची प्रत माझ्याजवळ आहे. ताबा मिळाल्यावर पहिले चार-पाच महिने ते उघडे होते. मग एक दिवस कुलूप लागले. का लावले ते कोणी सांगितले नाही. आमच्या सोसायटीने तीन पत्रे दिली, एकाचेही उत्तर नाही.

कुलपाने काय बिघडते, असे कोणाला वाटेल, म्हणून मागच्या जुलैतली रात्र सांगते.

टॉवर बांधताना त्यांच्या बाजूला भराव घालून रस्ता उंच केला. हिंदमाता-परळचा भाग आधीच सखल. त्यामुळे आता त्यांच्याकडचे पाणीही आमच्या गल्लीत उतरते. त्या रात्री गुडघ्याच्या वर पाणी होते. दीडच्या सुमाराला माझ्या सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले. १०८ ला फोन केला. गाडी लवकर आली, त्यांना दोष नाही, पण आमच्या गल्लीत शिरता येईना. ड्रायव्हर म्हणाला, टॉवरच्या बाजूला रस्ता कोरडा आहे, मी तिथे आत येऊन थांबतो, तुम्ही मधल्या गेटने पेशंटला आणा.

बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून यांनी आणि शेजारच्या दोन मुलांनी गेटपर्यंत आणले. मी डोक्यावर छत्री धरून होते. पलीकडून वॉचमन म्हणाला, ''ताई, चावी मॅनेजरकडे आहे. ते फोन उचलत नाहीत.'' मी म्हटले, ''दादा, कुलूप तोडा, मी भरून देते.'' तो म्हणाला, ''माझी नोकरी जाईल.'' मी त्या माणसावर रागावले नाही, आजही नाही. नालासोपाऱ्याहून येऊन बारा तास उभा राहणारा माणूस तो. रुग्णवाहिकेचा दिवा गजांतून दिसत होता. वीस पावलांवर. आम्ही पंचवीस मिनिटे पावसात उभे होतो.

शेवटी टॉवरच्या चौथ्या मजल्यावरून एक बाई खाली आल्या. त्यांनी मॅनेजरच्या घरी माणूस पाठवला आणि चावी आली. बाबा वाचले. केईएममध्ये नऊ दिवस होते.

त्या बाई नंतर भेटायला आल्या. म्हणाल्या, तीन वर्षे इथे राहते, पण ते गेट कशाचे आहे हे मला ठाऊकच नव्हते, मला वाटायचे मागे पंपाची खोली असेल. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्या आजही बाबांची विचारपूस करायला महिन्यातून एकदा येतात. पण त्यांच्या गेटमधून बाहेर पडून, मुख्य रस्त्याने, सिग्नल ओलांडून, आमच्या गल्लीतून. पंधरा मिनिटे लागतात. आमच्या सातव्या मजल्यावरच्या दोघी टॉवरमध्ये स्वयंपाकाला जातात, त्याही रोज हाच वळसा घालतात. माणसांना शेजार नको आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

दुसरी गोष्ट. लेखात आम्हाला दोनदा 'फुकट घर मिळालेले भाडेकरू' म्हटले आहे. हा शब्द कृपया वापरू नका. माझ्या आजेसासऱ्यांनी १९५६ साली पागडी मोजून ती खोली घेतली, पावती अजून बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली आहे. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते परत कधी आत गेले नाहीत, तरी भाडे आणि दुरुस्तीचा उपकर एक महिना चुकला नाही. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे जुन्या उपकर भरणाऱ्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, आमच्या संमतीच्या सह्या सत्तर टक्क्यांवर गेल्या तेव्हाच बिल्डरची फाइल पुढे सरकली. आम्ही तिथे राहत होतो म्हणून त्यांना वाढीव चटईक्षेत्र मिळाले आणि त्यातून तो टॉवर उभा राहिला. सात वर्षे आम्ही कल्याणला भाड्याने काढली. माझ्या मुलीची दहावी तिथेच झाली. याला फुकट म्हणतात का?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला किल्ल्या मिळाल्या, ती बातमी तुम्ही छापली होती. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, संडास घरात. माझी मावसबहीण तिथे वाढली आहे, तिच्याबरोबर मीही रडले. पण वरळीत एकूण १२१ चाळी, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गाला ३२. तिथे अजून बरेच बांधायचे आहे, विक्रीच्या इमारतीही यायच्या आहेत. म्हणून म्हाडाला आणि महापालिकेला माझे सांगणे आहे की, भिंत कुठे येणार, गेट कुठे येणार, मैदान कोणाच्या बाजूला जाणार, हे आत्ताच रहिवाशांना दाखवा आणि करारात लिहा. गेट बंद करायचे असेल तर दोन्ही सोसायट्यांची लेखी संमती लागेल आणि एक चावी आमच्या बाजूच्या सोसायटीकडे राहील, अशी अट ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) देतानाच घाला. नकाशात रेघ काढून भागत नाही, आमच्या नकाशात ती रेघ आहेच. पावसाचे पाणी कुठे उतरणार हेही तेव्हाच तपासा. एका बाजूला भराव घातला की दुसरी बाजू बुडते, हे कळायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

आमच्या कार्यकारिणीतल्या काहींना वाटते की पेपरात लिहून आणखी वाकडे येईल. असे म्हणणाऱ्यांचे वडील गिरणगावात मोर्चे काढत होते, याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या वार्ताहराने एकदा यावे ही विनंती. आमच्या लिफ्टने खाली उतरून त्या गेटपाशी उभे राहावे आणि मग मुख्य रस्त्याने पलीकडे पोहोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. शक्यतो पावसाळ्यात यावे. नकाशाची प्रत मी दाखवीन, पागडीची पावतीही दाखवीन. मागच्या खेपेस पाण्याच्या प्रश्नावरचे माझे पत्र अर्धे कापून छापले होते, त्यात गेटचाच भाग गेला. या वेळी तेवढा ठेवावा.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई