थंडीत मुलांकडे जाताय? आधी थर्मोस्टॅटचं विचारा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

थंडीच्या दिवसात आपल्याकडचे बरेच आईवडील बाळंतपणासाठी मुलांकडे इंग्लंडला जातात, आम्ही पण लेकीकडे रेडिंगला तीन महिने राहून आलो आणि तिथे स्मार्ट थर्मोस्टॅटने (म्हणजे घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारं, फोनवरून चालणारं भिंतीवरचं यंत्र) आम्हाला जे गारठवलं ते छापलंत तर चारजण तरी सावध होतील म्हणून लिहितोय.

घर जुनं. किचनमध्ये गॅसचा कॉम्बी बॉयलर (नळाचं आणि हीटिंगचं पाणी एकच तापवतो), खोल्याखोल्यांत त्या गरम पाण्याने तापणारे रेडिएटर आणि पॅसेजमध्ये भिंतीवर थर्मोस्टॅटचा गोल डायल, फिरवला की टक् वाजायचं आणि बॉयलर पेटायचा, बस एवढंच. टायमर वेगळा, चाकावर पिना असलेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात पण टायमरला कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे सकाळी सहाला सुरू व्हायचं ते पाचलाच सुरू.

म्हणून जावईबापूंनी सेलमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट आणला आणि यूट्यूब लावून स्क्रू ड्रायव्हर घेऊन भिंतीपुढे उभे. मी आयुष्यभर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलाय, म्हटलं व्हिडिओ कुठला बघताय, तर अमेरिकेतला! अहो तिकडे सेंट्रल हीटिंगच्या थर्मोस्टॅटला बहुतेक घरांत २४ व्होल्ट असतात, इंग्लंडमधल्या जुन्या डायलमागे सर्रास २३० व्होल्ट, हात लागला असता तर बाळाच्या बारशाऐवजी भलतंच काही झालं असतं. हीटिंगचा स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, वायरींचा फोटो काढला, मग पुढे एक इंजिनियर बोलावला. बॉयलरचं झाकण काढून आतल्या गॅसच्या कामात तर आपण पडायचंच नाही, तिकडे त्याला गॅस सेफ रजिस्टरवरचाच, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेलाच माणूस लागतो. आलेला मुलगा हुशार होता. जाताना त्याने बॉयलरमधून रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ वरून ६० वर आणलं, पाणी गार होऊन साधारण ५५ च्या खाली परत आलं की नवीन बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता पण वापरतो म्हणे. फुकटात गॅस वाचतो, याला ना ॲप लागतं ना वायफाय. फक्त रेडिएटरला हात लावल्यावर चटका बसत नाही म्हणून आमच्या हिची तक्रार!

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी दोघं बाळाला घेऊन दवाखान्यात गेले, आम्ही दोघंच घरी आणि तासाभरात घर गार पडायला लागलं. मी स्वेटरवर स्वेटर चढवले, भिंतीवरच्या काचेवर बोट फिरवलं तर आकडा वाढायचा आणि थोड्या वेळाने परत १५! मला वाटलं वायरिंग चुकली. संध्याकाळी कळलं की त्या ॲपमध्ये लोकेशनची सोय चालू होती, दोघांचे फोन घरापासून लांब गेले की त्याच्या लेखी घरात कोणीच नाही. आमचे फोन त्यात नव्हतेच, म्हणजे हिशोबात आम्ही नव्हतोच. निरोगी माणसालासुद्धा घरात १८ अंश तरी हवेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळाला त्याहून जास्त.

मी स्मार्ट वस्तूंच्या विरोधात नाही. टायमरची कटकट गेली, रात्री उठून खाली जावं लागत नाही, चांगलंच आहे. फक्त गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्ट या आपल्या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचं ॲप बंद केलं, हाताने चालतो पण फोनवरून नाही, आणि आमचा तो टक् वाजणारा डायल लेकीने घर घेतलं तेव्हाच जुना होता, तरी चालत होता.

तर या थंडीत जे कोणी निघालेत त्यांनी पोचल्या दिवशीच आपला फोन त्या ॲपमध्ये घालून घ्या नाहीतर ते लोकेशनचं सरळ बंद करायला सांगा, आणि भिंतीवरून तापमान कसं वाढवायचं ते मुलं कामावर जायच्या आधी एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे