बाबांचा पाय आणि दह्यातले जंतू

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला मेसेज वाचला, 'दह्यातल्या जंतूंनी मधुमेहाची जखम भरते, स्वीडनमध्ये शोध'. पाठोपाठ आईचा आवाजही ऐकला, "अगं, मग ह्यांच्या पायाच्या जखमेला घरचंच दही लावलं तर?" आई, नाही. दही नाही, हळद नाही, शेजारच्या काकूंनी दिलेला मलमही नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुझा उत्साह वाढणार आहे. बातमी खरी आहे, आणि ते काम मी राहते त्या उप्सालातलंच आहे.

जखम झाली की तिथल्या पेशी दवंडी पिटतात. ही दवंडी म्हणजे एक प्रथिन, त्याचं नाव सीएक्ससीएल१२. ती ऐकून पांढऱ्या पेशी धावत येतात. त्यांतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी मेलेला भाग खाऊन साफ करतात आणि नवीन कातडी धरायला मदत करतात. साखर वाढलेली असली की ही सगळी यंत्रणा ढिली पडते. मग तेच प्रथिन वरून का लावू नये? लावता येतं, पण जखमेतली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याचे लगेच तुकडे करतात. दिवसभर कोण लावत बसणार?

इथल्या विद्यापीठातल्या मिया फिलिप्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली ती मला फार आवडली. त्यांनी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जंतू घेतला. हा माणसाच्या आतड्यात सापडतो, दही लावणाऱ्या जंतूंचा भाऊबंद. त्यात सीएक्ससीएल१२ बनवण्याचा जीन घातला. जंतू जखमेवर सोडला की तो तिथेच बसून प्रथिन बनवत राहतो. गंमत पुढे आहे. हा जंतू लॅक्टिक आम्लही सोडतो, त्यामुळे जखम थोडी आंबट होते, आणि आंबट झालं की प्रथिन तोडणारं विकर मंदावतं. म्हणजे औषध बनवणाराच ते टिकवतोही. २०१८ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. उंदरांच्या जखमा लवकर भरल्या, साखर वाढवलेल्या उंदरांच्यासुद्धा. नुसता जंतू, म्हणजे जीन न घातलेला, लावला तेव्हा तसा गुण आला नाही. आई, तुझ्या दह्याचं उत्तर यातच आहे. शिवाय आपल्या विरजणात काय काय असतं ते विरजणालाच ठाऊक, आणि बाबांची जखम उघडी आहे.

मग माणसांवर? ३६ निरोगी लोकांच्या दंडावर मुद्दाम लहान जखमा करून हे औषध लावून पाहिलं, ते २०२३ मध्ये छापून आलं. औषध सुरक्षित ठरलं. पण बाबा, निरोगी माणसाचा दंड आणि पंचवीस वर्षांच्या मधुमेहाचा तळवा यात किती अंतर आहे ते तुम्ही शिक्षक असताना मुलांना समजावून सांगितलं असतंत. ऑरियालिस नावाची एक कंपनी ताकातल्या जंतूच्या जातीतल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसला एकदम तीन मानवी प्रथिनं बनवायला लावते आणि मधुमेहाच्याच पायांवर चाचण्या करते. तिकडे माझं लक्ष आहे. पण यातलं काहीही मला इथल्या दुकानातून घेऊन पाठवता येणार नाही. आणि खरं सांगू? आलं तरी ते तुमच्या पायातली बधिरता घालवणार नाही.

कारण तुमची जखम होते ती चालण्याने. दुखत नाही म्हणून तुम्ही त्याच घट्ट्यावर भार टाकत राहता. हे कळायला जंतूंचं शास्त्र लागलं नाही. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले, तेव्हा कुष्ठरोग्यांचे पाय रोगानेच झडतात असं सगळे समजत. त्यांनी पाहिलं की पायाला संवेदना नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो. प्लास्टर घालून भार काढला की तीच जखम भरून येते. तुम्ही ज्यांना 'म्हाताऱ्यांची चप्पल' म्हणून कपाटात टाकून दिलंत, त्या एमसीआर, म्हणजे मऊ रबरी तळाच्या, चपलांची परंपरा तिथलीच. मला ते उप्सालाच्या जंतूपेक्षा कमी मोठं वाटत नाही, आणि ते औषध तुमच्या कपाटात पडून आहे.

तेव्हा सर्जन सांगतील तितके दिवस त्या पायावर भार नाही. देवळात अनवाणी प्रदक्षिणा बंद, गुरुजींना हवं तर मी फोन करते. घरातही चप्पल, न्हाणीघरातही. पाय गरम पाण्यात बुडवायचे नाहीत, भाजलेलं तुम्हाला कळणार नाही. घट्टा ब्लेडने कापायचा नाही, ते डॉक्टरांचं काम. पाय लाल झाला, सुजला, पू किंवा वास आला, ताप आला, तर रविवार असो की सण, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. माझ्या फोनची वाट बघायची नाही.

आई, ड्रेसिंग बदलायला सिस्टर येतील तेव्हा त्यांना सांगून फोटो काढून घे आणि जखमेच्या बाजूला, तिला न लागता, फूटपट्टी धर. नुसत्या फोटोवरून ती लहान होतेय की मोठी ते मला कळत नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्टही पाठव, बाबांनी दाबून ठेवला असेल तर त्यांच्या चष्म्याच्या कप्प्यात बघ.

तुमची,
मनू