आमच्या बँडमास्तरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

लंडनच्या द क्लॅश या पंक (साध्या, वेगवान, आक्रमक रॉकच्या) बँडवरचा माझा लेख एकदाचा पुरा झाला. त्याचा कणा आपण दिलात आणि हे आपण स्वतःहून कोणाला सांगणार नाही, म्हणून मीच जाहीरपणे लिहीत आहे.

१९७६ साली उभा राहिलेला, १९७७च्या पहिल्या अल्बममध्ये बहुतेक गाणी दोन-तीन मिनिटांत धडाक्याने उरकणारा हा बँड तीन वर्षांच्या आत, डिसेंबर १९७९च्या 'लंडन कॉलिंग'मध्ये, जमैकाचे रेगे आणि स्का, अमेरिकेचे रॉकबिली आणि जॅझ यांची वळणे घेत १९ गाणी कशी वाजवू लागला, या प्रश्नापाशी मी महिनाभर अडलो होतो. बँडची गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या जो स्ट्रमर आणि मिक जोन्स या दोघांच्या शब्दांत मी उत्तर शोधत होतो.

आपल्या सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, लग्नाची सुपारी नसलेल्या एका रविवारी, पूर्व भागातल्या आपल्या घरी मी दोन्ही अल्बम लावले. इंग्रजी शब्दांची आपल्याला फिकीर नव्हती. कडक भाकरी खाऊन झाल्यावर शेंगाचटणीच्या बरणीचे पत्र्याचे झाकण आपण पालथे ठेवलेत आणि त्यावर दोन बोटांनी ठोका धरलात. पहिल्या अल्बमभर बोटे सरळ चालली. दुसऱ्यात रेगेच्या वळणाचे गाणे आले तशी ती थबकली आणि आपण म्हणालात, "हा वाजवणारा दुसरा आहे. ह्यानं सम मोकळी सोडलीय."

माणूस खरोखरच दुसरा होता. पहिल्या अल्बमवर ड्रम टेरी चाइम्स वाजवतो. बँड सोडून निघालेल्या त्या गड्याचे नाव बाकीच्यांनी चिडवण्यासाठी 'टोरी क्राइम्स' (टोरी म्हणजे ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा, क्राइम्स म्हणजे गुन्हे) असे छापले होते. त्यानंतर १९७७ सालीच टॉपर हेडन आला. रेगेत बहुधा चारांपैकी पहिल्या मात्रेवर मोठा ड्रम गप्प राहतो आणि तिसरीवर पडतो. वरातीत सम ठोकून दाखवणाऱ्याला ती रिकामी ठेवणे किती जड जाते, हे आपल्यावाचून मला कोणी सांगितले नसते. बँडला रेगेची ओढ आधीपासून होतीच, कारण जमैकाचा रेगे गायक ज्युनिअर मर्विन याचे गाणे पहिल्याच अल्बममध्ये आहे. ती पेलणारा हात टॉपरबरोबर आला.

मग मी सगळा लेख मोडून ड्रमरच्या बाजूने पुन्हा मांडला. १९८०च्या 'सँडिनिस्टा'च्या तीन तबकड्यांवर ३६ गाणी आहेत, त्यांतली दहाएक गाळली असती तरी चालले असते. १९८२च्या 'कॉम्बॅट रॉक'मधल्या 'रॉक द कास्बा'ची चाल टॉपरची, आणि त्यातले ड्रम, पियानो, बेस हे तिन्हीही त्यानेच वाजवलेले. त्याच वर्षी हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला काढले, पुढच्या वर्षी जोन्सलाही काढले, आणि १९८५चा शेवटचा अल्बम बराचसा ड्रम मशीनवर आला. त्यातले एकच गाणे ऐकून आपण झाकण बरणीला घट्ट लावून टाकलेत, त्यावर मी आणखी काय लिहिणार?

जोन्सचे जाणे बँडला अधिक महागात पडले, असे मला अजूनही वाटते, आणि ते आपल्याला पटलेले नाही. 'सँडिनिस्टा'च्या सहा बाजूंपैकी आपल्या दोनच ऐकून झाल्या आहेत. लग्नसराई आटोपली की उरलेल्या चार घेऊन येतो.

आपला ऋणी,
गल्लीतला एक श्रोता