प्रोटीन बारचा भाव वजनावर नव्हे, प्रथिनांवर मोजावा

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि इंदिरानगर भागातील मोठ्या किराणा दालनांत आता प्रोटीन बारसाठी, म्हणजे प्रथिने घातलेल्या वड्यांसाठी, स्वतंत्र फळी दिसते. जाहिरातींमुळे घराघरांत पोहोचलेल्या ब्रँडचे बार तिथे असतात आणि त्यांच्या शेजारीच दालनाच्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे, बहुधा कमी किमतीचे बारही मांडलेले असतात. व्यायामशाळेत किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाणाऱ्या मुलामुलींचे पालक यांपैकी कोणता घ्यावा असे विचारतात, तेव्हा त्यांना दोनच उत्तरे ऐकायला मिळतात. एक म्हणजे स्वस्त ते निकस. दुसरे म्हणजे आतला माल सारखाच असतो, जास्तीचे पैसे केवळ नावाचे. अन्नप्रक्रिया उद्योगात अनेक वर्षे काम केले असल्यामुळे मी खात्रीने सांगू शकतो की ही दोन्ही उत्तरे ग्राहकाचे नुकसान करतात.

दालने सहसा स्वतः बार तयार करीत नाहीत. ती एखाद्या कारखान्याकडून ते बनवून घेतात. अनेक नामांकित ब्रँडही तसेच करतात, आणि कधी कधी दोघांचा माल एकाच कारखान्यातून बाहेर पडतो. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे माल कुठे तयार झाला हे कोणालाही पाहता येते. मात्र कारखाना एक असला म्हणून पाककृती एकच असते असे नाही. ज्याने जे घटक आणि जो खर्च ठरवून दिला, त्याप्रमाणे त्याचा बार बनतो. म्हणून उत्पादकाचे नाव जुळले की दोन्ही बार सारखेच, असा निष्कर्ष काढू नये.

खरी गफलत किमतीच्या तुलनेत होते. आवेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांनुसार आता वेष्टनावर दर ग्रॅमची किंमतही छापावी लागते. साखर, डाळ, तेल यांच्यासाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे, परंतु प्रोटीन बारच्या बाबतीत तीच दिशाभूल करू शकते. समजा, दालनाचा बार ४० ग्रॅम वजनाचा आणि ४५ रुपयांचा असून त्यात ६ ग्रॅम प्रथिने आहेत, तर नामांकित ब्रँडचा बार ६० ग्रॅम वजनाचा आणि ११० रुपयांचा असून त्यात २० ग्रॅम प्रथिने आहेत. वजनाच्या हिशेबाने पहिला साधारण १ रुपया १३ पैसे ग्रॅम पडतो आणि दुसरा १ रुपया ८३ पैसे, म्हणजे पहिला उघडउघड स्वस्त वाटतो. ज्यासाठी आपण बार घेतो त्या प्रथिनांचा भाव काढला, तर मात्र पहिल्यात एक ग्रॅम प्रथिनांसाठी साडेसात रुपये मोजावे लागतात आणि दुसऱ्यात साडेपाच. याच्या अगदी उलटही घडते. दोन्ही बार ४० ग्रॅमचे, दोन्हींत १० ग्रॅम प्रथिने, पहिले चार घटक सारखे आणि किंमत मात्र एकाची ४५ व दुसऱ्याची ७० रुपये असेल, तर वरचे २५ रुपये बहुधा जाहिरातीला आणि चकचकीत वेष्टनाला जातात, आणि अशा वेळी दालनाचा बार निःशंकपणे घ्यावा. हिशेब करताना एक काळजी मात्र अवश्य घ्यावी, कारण पोषणतक्त्यातील आकडे कुठे शंभर ग्रॅममागे दिलेले असतात तर कुठे एका बारमागे, आणि घाईत वाचणारा हमखास फसतो.

प्रथिने किती याइतकेच ती कशाची आहेत हेही महत्त्वाचे आहे, आणि स्वस्त बारमध्ये काटकसर बहुधा इथेच होते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्यामुळे पहिली तीन-चार नावे वाचली तरी बरेच कळते. व्हे (दुधाची निवळी) किंवा दुधाची प्रथिने महाग असतात आणि त्यांत शरीराला आवश्यक असलेली सर्व अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, पुरेशा प्रमाणात असतात. सोयाची प्रथिने त्यांच्यापेक्षा बरीच स्वस्त असूनही गुणवत्तेत फारशी मागे नाहीत, म्हणून यादीत सोया दिसला की नाक मुरडण्याचे कारण नाही. शेंगदाण्याची प्रथिने गुणवत्तेत खाली येतात. जिलेटिन आणि कोलॅजेन यांत तर ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, तरीही प्रयोगशाळेत नायट्रोजनवरून प्रथिने मोजली जात असल्यामुळे तक्त्यातला आकडा त्यांच्यामुळेही फुगतो. आयात केलेल्या काही महाग बारमध्ये कोलॅजेन असते. ते प्राणिज असल्यामुळे शाकाहारी घरांनी वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहिल्याशिवाय बार घेऊ नये.

गोडीबाबतही सावध राहावे लागते. साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, खजुराचा पाक अशी गोडी चार नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि शेंगदाणे किंवा ओट्स वर येतात. अशा वेळी पोषणतक्त्यातील वरून घातलेल्या साखरेचा आकडा पाहावा. ‘साखरविरहित’ बारमध्ये अनेकदा माल्टिटॉलसारखे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड पदार्थ असतात, ते जास्त झाल्यास पोट बिघडू शकते. गोडी अशी लपवण्याची सवय मी महागड्या आणि स्वस्त अशा दोन्ही प्रकारच्या बारांत पाहिली आहे.

दर्शनी बाजूवरील ‘हाय प्रोटीन’ या शब्दांवर तर मुळीच विसंबू नये. २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनुसार घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये दैनंदिन शिफारशीच्या २० टक्के प्रथिने असली की हा दावा करता येतो. प्रौढ पुरुषासाठीची शिफारस सुमारे ५४ ग्रॅम धरली, तर शंभर ग्रॅममागे अकरा ग्रॅमही पुरतात, म्हणजे ४० ग्रॅमच्या बारमध्ये जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिने असूनही तो असे मिरवू शकतो. तेवढ्याच वजनाच्या भाजलेल्या शेंगदाण्यांत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांना दहा रुपयेही पडत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. डाळ, दूध, अंडी, फुटाणे असलेल्या जेवणातून ती मिळू शकतात. तरीही सकाळी लवकर सराव करून थेट महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला बार सोयीचा वाटतो हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच तो नीट पारखून घेतला जावा असे वाटते.

नाशिकमधील दालनांना माझी विनंती आहे की, प्रोटीन बारच्या फळीवर किमतीच्या चिठ्ठीसोबत एक ग्रॅम प्रथिनांचा भावही लावावा. स्वतःचा बार खरोखर किफायतशीर असेल, तर यात त्यांचेच हित आहे. अन्न व औषध प्रशासनाने शहरातील दालनांमधून दोन्ही प्रकारच्या बारांचे नमुने घेऊन छापील आणि प्रत्यक्ष प्रथिनांचे आकडे जाहीर करावेत. वाचकांनीही एक लक्षात ठेवावे की अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तशी कल्पना द्यावी लागते, आणि पदार्थ नियमांत बसत नसल्याचे अहवालात आढळले तर शुल्क परत मिळते.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक