मुंबई बुडेल का?

संपादक महोदय,
समुद्र वाढून मुंबई बुडेल का असं विचारलं की लोकं हसतात, पण ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी बघितलंय ते नाही हसणार. माझी ताई दादरला राहते, म्हणून जीव जास्त तुटतो. मुळात सात बेटं, मधलं पाणी भराव टाकून बुजवलेलं शहर ते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस आणि त्यात भरती, मग नाल्यांचं पाणी जाणार कुठे? १९०१ ते २०१८ मध्ये जगभर समुद्र सरासरी २० सेंमी वर आलाय, म्हणजे भरती आता तेवढी वरूनच सुरू होते. एका रात्रीत नाही बुडणार मुंबई, पण पाणी तुंबून राहायचे दिवस वाढतील आणि तरी तिकडे किनाऱ्यावर समुद्राचं पाणी अडवणारी खारफुटीची झाडं तोडतायत, ते आधी थांबवा.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा