बदकांचं तळं

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू नाटककार मार्लोवरच्या निबंधाबद्दल भरभरून बोलत होतीस आणि मी नुसता हूं हूं करत होतो. फोन ठेवला, वाचायला बसलो आणि रात्री एकपर्यंत उठलोच नाही. अगं, स्कॅडबरी पार्कमधलं आपलं बदकांचं तळं आठवतं? ते तळं नाही, खंदक आहे! त्याच्या मधल्या बेटावर टॉमस वॉल्सिंगहॅमचं घर होतं. तुझ्या मार्लोचा आश्रयदाता तो हाच.

आज सकाळी मुद्दाम गेलो. पाण्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर होता. बदक पुढे सरकलं की मागे काळी रेघ उमटायची आणि हळूहळू मिटायची. पलीकडे नेचे, काटेरी जाळ्या, आणि मधूनच लाल विटांची गुडघाभर भिंत. झाडांची मुळं तिच्यात शिरली आहेत.

मी पडलो नगरचा. खंदक म्हटलं की मला भुईकोटच आठवतो. त्यापुढे हा ओढ्याएवढा. फौज काय अडवणार? पण चोर आणि जनावरं बाहेर राहत, मासे मिळत, आणि मुख्य म्हणजे येणाऱ्याला पुलापाशीच कळे की घर बड्या माणसाचं आहे. १३व्या-१४व्या शतकात इंग्लंडमध्ये घराभोवती असे खंदक खणायची चालच पडली होती. अशा पाच हजारांहून जास्त जागा सापडल्या आहेत. वॉल्सिंगहॅम घराणं मूळचं लंडनच्या दारूच्या व्यापाऱ्यांचं. त्यांनी ही जागा १४२४ मध्ये घेतली. १८व्या शतकात घर पाडलं गेलं, खंदक तेवढा उरला.

आता १५९३ बघ. प्लेगमुळे लंडनची नाटकघरं बंद. १८ मे रोजी एलिझाबेथ राणीच्या मंत्रिमंडळाचा हुकूम निघाला: मार्लोला हजर करा, तो केंटमध्ये वॉल्सिंगहॅमच्या घरी (म्हणजे इथेच) असेल, नाहीतर जिथे असेल तिथे शोधा. बाराव्या दिवशी लंडनजवळच्या डेप्टफर्डला त्याचा खून झाला. वय २९. आणि सुरा चालवणारा फ्रायझर याच वॉल्सिंगहॅमचे व्यवहार बघणारा माणूस! हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. ज्या पाण्यात तू पावाचे तुकडे टाकायचीस, ते ओलांडून ही माणसं ये-जा करत होती.

तू सहा वर्षांची असताना त्या कुंपणाला नाक लावून विचारलं होतंस, "बाबा, ते घर कुणाचं?" मी म्हणालो, "कुणाचं नाही, चल, उशीर होतोय." कसला उशीर होत होता, ते आता आठवतही नाही. ते उत्तर मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबरात येशील तेव्हा पानं गळलेली असतील, भिंती नीट दिसतील. वाटेवर चिखल फार आहे. तुझे गमबूट दारामागेच ठेवलेत.

तुझा,
बाबा